भाराची वाट

मोटारीच्या खालून येणारा आवाज आणि तो जेथे उत्पन्न होतो ते स्थान यांची बहुधा फारकत असते, एवढे ज्याला एकदा पटले त्याचा पुष्कळ खर्च वाचतो. पत्र्याचा तो सांगाडा एका कोपऱ्यातला ध्वनी घेतो आणि भलत्याच कोपऱ्यात सोडून देतो. उजव्या चाकाची कुरकुर डाव्या दारातून ऐकू येते, आणि मागे बसलेले पाहुणे ज्या खडखडीचे खापर मोठ्या आत्मविश्वासाने डिकीतल्या सामानावर फोडतात ती पुढच्या चाकाजवळच्या एखाद्या फाटक्या रबराची निघते. माझ्या जुन्या मारुती 800 ला पावसाळा सरता सरता जो आवाज जडला त्याचे लक्षण असे होते, की गल्लीच्या तोंडाशी गाडी सावकाश वळवताना एक चाक खड्ड्यात उतरले म्हणजे पायाखाली ‘टक्’ असा एकच कोरडा ठोका पडे. हमरस्त्यावर वेगात असताना तो मुळीच ऐकू येत नसे. आणि गाडी मागे घेताना ब्रेक दाबला तर मात्र हटकून येई.

कोल्हापुराहून आंब्याच्या घाटाने रत्नागिरीकडे वर्षातून काही वेळा जाणे-येणे असल्याने, आणि त्या उतारावर पुढच्या चाकांनी दगा दिला तर पुढचा तपशील सांगावयास कोणी उरत नसल्याने, मी गाडी एका गॅरेजात नेली. तेथील मिस्त्रीने तीत बसून एक फेरी मारली, ‘शॉकअप गेले’ असा निवाडा दिला, दोन्ही शॉकअप बदलले, रीतसर बिल हाती ठेवले, आणि आवाज होता तसाच माझ्याबरोबर घरी आला. या इसमास मी अडाणी म्हणणार नाही. आपल्याकडे गिऱ्हाईक सुट्या भागाचे पैसे देते, तो बसविण्याच्या मजुरीचेही कुरकुरत का होईना देते. परंतु अर्धा तास गाडीखाली निजून, पहार लावून, एकेक सांधा हलवून ‘दोष येथे आहे आणि येथे नाही’ असे कोणी सांगितले, तर त्या सांगण्याचे पैसे देण्याची रीत नाही. मग ज्याला शोधाचा मोबदलाच नाही त्याने अनुमानावर भाग बदलीत जावे, हे त्या व्यवहाराला धरूनच झाले. शोधाचे काम ज्याच्यापाशी वेळ आहे त्याने करावे, आणि भूमिअभिलेख खात्यातून निवृत्त झालेल्या माणसापाशी दुसरे काही नसले तरी वेळ असतो.

खात्यात असताना मोजणीच्या दौऱ्यासाठी आम्हांस एक जीप असे. तिचा ड्रायव्हर हा वृत्तीने कर्मठ मनुष्य होता. आठवड्याचा एक दिवस ठरवून तो ग्रीसगन घेऊन गाडीखाली शिरे, आणि पाट्यांच्या शॅकलपासून स्टिअरिंगच्या दांड्यांपर्यंत प्रत्येक सांध्याला असलेल्या बारीक निपलला तोंड लावून, जुने काळे ग्रीस कडेने बाहेर येऊन त्यामागून नवे पिवळे दिसेपर्यंत दट्ट्या दाबीत राही. साहेबांची निघण्याची वेळ टळली तरी त्याचा हा विधी चुकत नसे, आणि त्याबद्दल त्याला मिळालेल्या समजपत्रांची संख्या त्याच्या सेवापुस्तकात सापडेल. त्या काळच्या सांध्यांना असे पोसावे लागे. उलट, ज्याला पोसावे लागते त्याच्याकडे निदान आठवड्यातून एकदा कोणी पाहत तरी असे. हल्लीच्या गाड्यांचे सांधे कारखान्यातच ग्रीस भरून, रबरी बुटाने तोंड बांधून, जन्मभराचे म्हणून पाठविले जातात. त्यांना निपल नसते. सोय मोठी खरी. पण तो बूट फाटला तर फाटल्याची वर्दी देणारेही कोणी नसते, आणि जन्मभर म्हणजे बुटाचा जन्मभर, हे ग्राहकास कोणी बजावून सांगत नाही.

ज्या भागाविषयी मी लिहीत आहे तो बॉल जॉइंट हा असाच एक बंद सांधा होय. शाळेत आपण खांद्याचा व खुब्याचा जो उखळीचा सांधा शिकतो त्याची ही पोलादी आवृत्ती: एका आखूड दांडीच्या टोकास घासून गुळगुळीत केलेली गोळी, ती गोळी ज्यात फिरते ती वाटी, दोहोंमध्ये नायलॉनसारख्या कठीण प्लास्टिकचे अस्तर, आणि वरून दांडीच्या गळ्याशी आवळून बसविलेला रबरी बूट. चाकास एकाच वेळी दोन गोष्टी करावयाच्या असतात. रस्त्याच्या उंचसखलाप्रमाणे खालीवर व्हावयाचे आणि स्टिअरिंगच्या आज्ञेप्रमाणे डावीउजवीकडे वळावयाचे. पूर्वी ही दोन कामे दोन निरनिराळ्या सांध्यांकडे सोपविलेली असत, आणि वळण्याचे काम किंगपिन नावाच्या उभ्या खिळीवर चाले. मालट्रकांच्या सलग अ‍ॅक्सलला ती खिळी आजही असते. गोळीचा सांधा मात्र सर्व दिशांना फिरतो, म्हणून तो दोन्ही कामे एकट्याने करतो. अमेरिकेत 1952 सालच्या लिंकन गाडीने किंगपिनला रजा देऊन पुढच्या चाकांना असे सांधे लावले, आणि त्याच्या थोडे आधी, 1950 साली, अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याच्या कल्पनेवर उभारलेल्या फोर्डच्या कॉन्सल व झेफिर या गाड्या लंडनच्या प्रदर्शनात लोकांसमोर आल्या होत्या. माझ्या 796 घनसेंटीमीटरच्या तीन सिलिंडरी गाडीचा पुढचा सांगाडा हा त्या मॅकफर्सनच्याच कुळातला.

हे कूळ समजून घेतल्याखेरीज सांधा तपासता येत नाही, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगतो. मॅकफर्सनच्या रचनेत स्प्रिंग व शॉकअप मिळून एक उभा खांब होतो. गाडीच्या पुढच्या भागाचा भार बॉनेटखालच्या पत्र्याच्या मनोऱ्यातून या खांबाच्या माथ्यावर उतरतो, खांबातून नकल नावाच्या ओतीव तुकड्यात जातो, तेथून हबमध्ये, हबमधून चाकात, आणि चाकातून जमिनीत. भाराची ही सरळ वाट आहे आणि तीत खालचा बॉल जॉइंट कोठेही लागत नाही. तो नकलच्या तळाशी बसून, लोअर आर्म नावाच्या आडव्या हाताच्या साह्याने चाकाचा पाय जागच्या जागी धरून ठेवतो एवढेच. गाडी सरळ व संथ चालली असता त्याला फारसे काम नसते. ब्रेक दाबला, वळण घेतले, चाक खड्ड्याच्या कडेला आदळले, की चाकाचा तळ मागे, पुढे किंवा बाहेर पळू पाहतो आणि त्या वेळी त्याला थोपविण्याची जबाबदारी सर्वस्वी या सांध्यावर येते. माझा ‘टक्’ वेगात का नव्हता आणि मागे घेताना ब्रेक दाबल्यावर का होता, याचा उलगडा यात आहे: नेहमी एका दिशेने ओढली जाणारी गोळी वाटीच्या एका भिंतीला चिकटून राही, आणि उलट्या दिशेचा ब्रेक लागला की झिजेने मोकळी झालेली जागा ओलांडून दुसऱ्या भिंतीवर जाऊन आपटे.

भार या सांध्यावर नसल्यामुळे तपासणीची रीतही सोपी होते. ज्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असते तेथे चाक नुसते लोंबत ठेवले तर स्प्रिंगच सांध्याला ताणून धरते आणि झिजलेला सांधाही हाताला घट्ट लागतो. तेथे जॅक आर्मखालीच लावून स्प्रिंगचा जोर आधी काढून घ्यावा लागतो. माझ्या गाडीत तशी भानगड नाही. दाराखालच्या पट्टीला असलेल्या जॅकच्या जागेवर गाडी उचलली, चाक हवेत लोंबू दिले, आणि एक हात चाकाच्या माथ्यावर व दुसरा तळाशी ठेवून आलटून पालटून दाबले, तर उजवे चाक किंचित डुलले. परंतु हे डुलणे बॉल जॉइंटचेच आहे असे म्हणण्याचा अधिकार एवढ्याने मिळत नाही, कारण चाकाचे बेअरिंग सैल झाले तरी ते याच दिशेने डुलते. शेजारच्या बिऱ्हाडातील पॉलिटेक्निकात शिकणारा मुलगा हौसेने मदतीस आला होता. त्याला आत बसवून ब्रेक दाबून धरावयास सांगितले. ब्रेकचे पॅड डिस्कला आवळतात, डिस्क व नकल त्या क्षणापुरती एकजीव होतात, आणि बेअरिंगची हालचाल असल्यास ती नाहीशी होते. मुलाने दाराबाहेर मान काढून चाकाकडे पाहिले आणि म्हणाला, “काका, ब्रेक दाबलाय, तरीबी हलतंयच की वो!” बेअरिंग निर्दोष सुटले. चाक डावीउजवीकडून धरून हलविले तेव्हा काही हलले नाही, सबब स्टिअरिंगच्या टाय रॉडचे टोकही सुटले. मग पहारीचे टोक लोअर आर्म व नकल यांच्या फटीत घालून हलकेच उचलले, तो गोळीची दांडी वाटीत खालीवर होताना डोळ्यांनी दिसली, आणि बुटाच्या मागल्या बाजूस, जी बाजू निजल्याखेरीज दिसत नाही तेथे, आडवी फाट सापडली. तीतून घाटातली तांबडी माती भरली होती.

माझ्या मते खरे काम येथे संपले. पुढले ते मनगटाचे व धीराचे, आणि ते करणारे आपल्याकडे विपुल आहेत.

या गाडीत बॉल जॉइंट आर्मच्या टोकातच घट्ट बसविलेला असतो, म्हणून सांधा बदलणे म्हणजे सबंध लोअर आर्म बदलणे होय. पार्टवाल्याच्या दुकानात अस्सल, बऱ्या कंपनीचा आणि नुसताच ‘लोकल’ अशा तीन प्रती पुढ्यात आल्या आणि शिवाय एक चौथा सल्लाही मिळाला, तो असा की आर्म कशाला घेता, लेथवाल्याकडे जुना आर्म द्या, तो वाटी उघडून नवी गोळी घालून देतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारागिरांविषयी मला आदर आहे. इंजिनाचे असे अंग नसेल की जे त्यांच्या हातून नीट झाले नाही. तथापि या एका बाबतीत मी तो सल्ला मानला नाही. वाटीची कड कारखान्यात दाबून गोळीवर वळविलेली असते. ती उघडून पुन्हा वळवावी तर धातू थकतो, आणि वेल्डिंगने बंद करावी तर त्या उष्णतेने आतले प्लास्टिकचे अस्तर वितळते व पोलादाचे पाणीही उतरते. खिडकीची काच वर करण्याचे यंत्र असते तर मी हा प्रयोग खुशाल करू दिला असता. हा सांधा निसटला तर चाक मडगार्डखाली आडवे होते आणि गाडी नाकावर बसते. ‘दोन्ही बाजू जोडीनेच बदलाव्यात’ हा दुकानदाराचा आग्रहही मी बाजूस ठेवला. डाव्या सांध्यात हालचाल नव्हती आणि बूट शाबूत होता, आणि जोडीने बदलण्याचा नियम हा विक्रेत्याच्या सोयीचा आहे की यंत्राच्या, याविषयी मला शंका आहे.

उजवा आर्म काढावयाचा तरी दोन्ही पुढची चाके उचलावीत, ही गोष्ट कोणी सांगत नाही आणि न सांगितल्यामुळे पुष्कळांच्या बोटांची साले निघतात. स्टॅबिलायझर बार नावाचा एक वाकडा पोलादी गज गाडीच्या रुंदीभर पसरून त्याची दोन टोके दोन आर्ममध्ये रबरी बुशांतून शिरलेली असतात. या गाडीत तो केवळ कलणे आवरीत नाही, तर आर्मला मागेपुढे न सरकू देण्याचे कामही त्याच्याचकडे आहे. एकच चाक उचलले तर एक टोक खाली लोंबते, दुसरे गाडीच्या वजनाने वर दाबलेले राहते, आणि पिळलेला गज आर्मला अशा काही जोराने धरून ठेवतो की नट निघाला तरी टोक निघत नाही. दोन्ही चाके सारख्या उंचीवर लोंबली की तोच गज निमूटपणे सैल पडतो. म्हणून मागच्या चाकांना पुढून व मागून दगड लावले, हँडब्रेक मागच्याच चाकांना असल्याने तो ओढला, चाकांचे नट जमिनीवर असतानाच अर्धवट सैल केले, आणि दोन्ही बाजूंस लोखंडी स्टँड देऊन त्यावर गाडी टेकविली. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे; शिवाय काढलेले चाक आडवे करून मी पट्टीखाली सरकवून ठेवतो, म्हणजे स्टँडने दगा दिला तरी माणसापुरती जागा राहते.

एव्हाना फाटकाशी प्रेक्षक जमले होते. निवृत्त लोकांच्या वसाहतीत मोटार उचलली की सल्लागार मंडळ आपोआप भरते, आणि त्यात स्वतः कधी स्टेपनी न बदललेल्यांचे मताधिक्य असते.

नकलच्या तळाशी एक चिरलेला डोळा असतो. गोळीची दांडी त्यात खालून शिरते आणि चिरेतून आडवा जाणारा बोल्ट तो डोळा आवळतो. हा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, कारण दांडीच्या अंगावर एक खाच असून बोल्ट तिच्यातून गेलेला असतो. तो संपूर्ण बाहेर आल्याखेरीज दांडी एक दोराही उतरत नाही. अनेक पावसाळ्यांचे पाणी पिऊन हा बोल्ट डोळ्याशी एकरूप झालेला होता. आदल्या रात्री त्यावर गंज सोडविणारे तेल मारून ठेवले होते. सकाळी तारेच्या ब्रशने आटे साफ केले, पुन्हा तेल दिले, आणि नट आधी घट्ट दिशेने किंचित हलवून मग उलट फिरविला. गंजलेल्या आट्यांना हे आधीचे अर्धे पाऊल मोठे मानवते. नट आला, बोल्ट मात्र आला नाही. अशा वेळी हातोडा थेट बोल्टच्या टोकावर घातला तर टोक फुलून आटे मरतात. म्हणून नट टोकाशी समपातळीत परत चढवून त्याच्यावर ठोके दिले, आणि हललेला बोल्ट पुढे पितळी दट्ट्याने मागे लोटीत नेला. बाहेर पडला तेव्हा त्याची मधली कंबर खाऊन गेलेली दिसली. तो पुन्हा घालावयाचा नव्हताच. नव्या आर्मबरोबर नवा बोल्ट आणि स्टॅबिलायझरच्या नटासाठी नवी स्प्लिट पिन मी आणून ठेवली होती. मग पसरट छिन्नीचे टोक चिरेत बेताने घालून डोळा केसभर उघडला. केसभरच, नकल ओतीव असते आणि लोभ केला तर चिरेचा तडा होतो.

आर्मच्या आतल्या टोकाचा बोल्ट व गजाचा नट यांत सांगण्याजोगे काही घडले नाही. आर्म पहारीने खाली दाबताच दांडी डोळ्यातून सुटली, आणि त्याच क्षणी सबंध खांब चाकाच्या हबसह बाहेर झुकू लागला. हा झोक धोक्याचा असतो: या गाडीत इंजिनाची शक्ती पुढच्याच चाकांना जात असल्याने हबमधून निघालेला ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्सकडे गेलेला असतो, आणि हब फार बाहेर ओढले गेले तर शाफ्टचा आतला सांधा आपल्या घरातून निसटतो, शिवाय ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येतो तो निराळाच. मुलाने तयार ठेवलेल्या सुतळीने खांब आतल्या बाजूस बांधून टाकला.

जुना व नवा आर्म फरशीवर शेजारी ठेवले. नव्याची दांडी अंगठ्याने रेटली तर कुरकुरत, चोहीकडे सारख्या अवरोधाने कलत होती. जुन्याची आपल्याच वजनाने कलंडली आणि हलविली तर आत खुळखुळली. बूट कापून पाहिला तो ग्रीसच्या जागी तांबूस चिखल निघाला, आणि गोळीच्या ज्या बाजूवर ब्रेकचा जोर येतो तेवढ्याच बाजूस गंजाचे खड्डे पडलेले होते. बाकी गोळी अजून चकचकीत होती. मुलगा म्हणाला, “काका, एवढ्याशा खड्ड्यानं एवढा आवाज?” आणि जुना आर्म कॉलेजात दाखवावयास मागून घेऊन गेला.

बसविताना त्या खाचेचा मोठा आधार वाटतो. दांडी डोळ्यात पुरती वर गेली नसेल, तर आडवा बोल्ट आरपार जातच नाही. म्हणजे काम बरोबर झाल्याचा दाखला त्या रचनेतच अंतर्भूत आहे, आणि ज्या कोणी तो तेथे घातला त्याने माणसाच्या घाईचा विचार केलेला दिसतो. चिमटणारा हा बोल्ट तेथेच पुरता आवळला. आतल्या बुशाचा बोल्ट व गजाचा नट मात्र हातानेच बेताबेताने बसवून सोडून दिले, चाक लावले, पुढच्या चाकांखाली जाड फळ्या सरकविल्या आणि गाडी त्यांवर उतरविली. कारण असे, की आर्मच्या आतल्या टोकाला खरा सांधा नसतो; रबराची एक जाड नळी असते आणि आर्म खालीवर होतो तो त्या रबराच्या पिळण्याने. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला तर रबर त्या लोंबत्या अवस्थेत जखडले जाते, आणि गाडी जमिनीवर आली की ते कायमचे पिळलेले राहून वर्षा-दोन वर्षांत फाटते. कितीतरी नवे आर्म असे बसविणाऱ्याच्या हातून जन्मतःच अपंग होतात आणि ‘माल हलका’ म्हणून दुकानदाराच्या नावे जमा होतात. गाडीचे नाक दोनचार वेळा दाबून सोडले, ती आपल्या स्वाभाविक उंचीवर स्थिरावली, आणि मग फळ्यांमुळे मिळालेल्या त्या वितभर जागेत निजून मी राहिलेले दोन्ही आवळले व स्प्लिट पिनची टोके वळविली. या वयात गाडीखाली शिरणे जमते. निघण्यास मात्र कोणाचा तरी हात लागतो.

रंकाळा तलावाच्या कडेने, वेगरोधकांवरून मुद्दाम तिरके चाक घालीत, एक चक्कर मारली. ठोका गेला होता. मागे घेऊन ब्रेक दाबला, तेव्हाही गेला होता. त्याच्या आडोशाला इतके दिवस दडलेली सायलेन्सरच्या पट्टीची एक बारीक किणकिण तेवढी आता ऐकू येऊ लागली, आणि तिची नोंद मी घेऊन ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी चाकांचे अलाइनमेंट करून घेतले, कारण नवा आर्म बसल्यावर चाकांचा आतबाहेरचा कल मोजून घ्यावा लागतो. तेथल्या मुलाने टायरच्या आतल्या कडेवरची झीज बोटाने दाखवून ‘हे किती दिवसांचं?’ असे विचारले, आणि उजवे टायर मागे व मागचे पुढे करण्याची आज्ञा केली. ती पाळली. डावा सांधा अजून घट्ट आहे, पण आता चाक केव्हाही वळवून उभे असले की मी वाकून त्याच्या बुटाच्या मागल्या बाजूवर बोट फिरवितो, आणि त्या बाजूचा आर्म पुढच्या पावसाळ्याआधीच आणून ठेवावा की काय, या विचारात सध्या आहे.